सायकलसाठी पाण्याची बाटली कोणती घ्यावी?

प्रश्न : दर रविवारी पहाटे मी गुहागरहून हेदवीपर्यंत सायकलने जाऊन येतो. विकतच्या पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली बॉटल केजमध्ये (सायकलच्या दांड्यावर बाटली धरणाऱ्या पकडीत) ठेवतो. पण चाक खड्ड्यात आपटले की ती उडून पडते आणि परतताना पाणीही कोमट झालेले असते. घरची मंडळी स्टीलची थर्मास बाटली घ्या म्हणतात. आपण काय सुचवाल?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : बाटली उडून पडते याचे मुख्य कारण तिचा व्यास आहे. बहुतेक केज सुमारे ७४ मिलिमीटर व्यासाच्या बाटलीसाठी घडवलेल्या असतात आणि सायकलच्या बाटलीच्या अंगावर केजचे टोक अडकेल अशी खाच असते. आपली बाटली त्याहून बारीक आहे, शिवाय ती एकदाच वापरण्यासाठी केलेली असते.

स्टीलची दुपदरी बाटली पाणी अधिक वेळ गार ठेवते, हे खरे. तरीही आपल्या फेरीसाठी मी ती सुचवणार नाही. ती जड असते, दाबता येत नाही, आणि एक हात हँडलवर ठेवून तिचे फिरकीचे झाकण उघडणे धोक्याचे आहे, त्यामुळे पाणी पिण्यासाठी दर वेळी थांबावे लागते आणि थांबण्याचा कंटाळा केला की पिणे राहून जाते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. म्हणजे अंग थंड होत नाही, पण शरीरातील पाणी आणि मीठ मात्र जातच राहते. म्हणून चालत्या सायकलवर, एका हाताने दाबून पिता येईल अशी मऊ प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. तळाशी त्रिकोणात ४ किंवा ५ हा प्लॅस्टिकचा प्रकार सांगणारा आकडा आणि जवळच अन्नासाठी योग्य असल्याची खूण पाहावी. गारव्यासाठी रात्री बाटली अर्धी भरून फ्रीझरमध्ये आडवी ठेवावी आणि पहाटे वरून पाणी भरावे. काठोकाठ भरून मात्र गोठवू नये, कारण बर्फ फुगतो.

नोझलवर, म्हणजे झाकणावरच्या पिण्याच्या चोचीवर, टोपी असलेली बाटली शक्यतो निवडावी. केज खाली असल्याने जांभ्याची लाल धूळ आणि पावसाळ्यात चाकाने उडवलेला चिखल थेट नोझलवर बसतो, आणि तेच आपण तोंडात धरतो.

आपल्याकडे अनेकजण बाटलीत कोकम सरबत नेतात. मीठ-साखर घातलेले सरबत लांबच्या फेरीत उपयोगाचे आहे, परंतु दमट हवेत त्याची साखर नोझलच्या आत राहिली की तेथे काळी बुरशी धरते. त्यामुळे हात किंवा ब्रश आत जाईल असे रुंद तोंड आणि पूर्ण सुटे होणारे नोझल या दोन गोष्टींबाबत तडजोड करू नये. घरी येताच बाटली धुऊन, झाकण काढून उपडी वाळत ठेवावी. वास राहिल्यास खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवावी. तांब्याच्या बाटलीत कोकम कधीही भरू नये, कारण आंबटपणाने तांबे पेयात उतरते.

आपल्या अंतरासाठी ७५० मिलिलिटरची बाटली घ्यावी. फ्रेम लहान असेल तर उंच बाटली वरच्या दांड्याला अडते आणि ओढून काढता येत नाही, म्हणून दुकानात जाण्यापूर्वी केजच्या तळापासून त्या दांड्यापर्यंतचे अंतर मोजून न्यावे.