‘मॅडम, बीज दिल्यावर माझं काही कमी तर नाही ना होणार?’

धुळ्यात समुपदेशन करताना हा प्रश्न आता वरचेवर कानावर येतो. पूर्वी स्त्रीबीजदानाचा विषय निघायचा तो घेणाऱ्यांच्या बाजूने. मूल होत नाही, डॉक्टरांनी दुसऱ्या बाईचं बीज घ्यायला सांगितलंय, तर ते मूल आपलं वाटेल का, असं विचारणारी जोडपी यायची. आता देणाऱ्या बायका येतात, आणि बहुतेक जणींना आधी कुणीतरी पैशाचा आकडा सांगून ठेवलेला असतो.

संगीताचंही तसंच होतं. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, तिला विचारून लिहिते आहे.) अमळनेर तालुक्यातलं गाव. नवरा सूरतला लूमवर, ती इकडे दोन मुलं आणि सासू सांभाळून कापूस वेचायला, निंदायला जाणारी. नवऱ्याच्या खोलीशेजारी राहणाऱ्या एका बाईने तिला फोनवर सांगितलं होतं, ‘दहा-बारा दिवसांचं काम आहे, कापाकापी नाही, आणि पैसे रोख.’ संगीता माझ्यापुढे बसली तेव्हा तिच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाईल होती. आधारच्या झेरॉक्स, दोघांचे पासपोर्ट फोटो, मुलांचे जन्मदाखले, सगळं तयार. आधारवर जन्मतारीख 1 जून. गावाकडच्या निम्म्या लोकांची ती असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती लिहिलेली असते.

‘खरं वय किती?’ मी विचारलं.

‘बत्तीस असेल. आई सांगे, मोठा पूर आला त्याच्या आदल्या साली.’

वयापासून सुरुवात केली, कारण कायदाही तिथूनच सुरू होतो. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा 2021 मध्ये झाला आणि 25 जानेवारी 2022 पासून लागू आहे. त्यानुसार स्त्रीबीज देणारी बाई 23 ते 35 वर्षांची हवी. आयुष्यात एकदाच देता येतं, आणि त्या एका वेळी सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. एका बाईची बीजं एकाच जोडप्याला द्यायची. हे सगळं नोंदणी झालेल्या बीज-बँकेमार्फतच व्हायला हवं. ती बँक आधारसकट सगळी माहिती घेते आणि एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस अशा तपासण्या करते. बारा महिन्यांचा विमाही देणाऱ्या बाईच्या नावाने काढावा लागतो. देणाऱ्या बाईची लेखी संमती लागते, आणि सुई टोचेपर्यंत ‘मला नाही द्यायचं’ म्हणायचा हक्क आहे.

सूरतच्या बाईने यातलं काय सांगितलं होतं? ‘तुझी पंधरा-वीस निघतील. आणि पुढच्या साली परत येता येईल, फक्त आधी दिलंय म्हणून सांगायचं नाही.’ तिची एकच गोष्ट खरी होती. संगीताचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि ‘तरी चालतं’ असं ती म्हणाली होती. ते चालतं. त्या ऑपरेशनात नळ्या बांधतात, अंडाशयाला हात लावत नाहीत. बीजं तर थेट अंडाशयातूनच काढतात.

मग संगीताचा मूळ प्रश्न, बीज दिल्यावर आपलं काही कमी होईल का. तो ती अहिराणीत बोलली, आणि माझ्या अनुभवात माणूस घाबरला की घरच्या बोलीवर येतो. मी तिला विचारलं, ‘कपाशीला पात्या (फुलाच्या कळ्या) किती लागतात आणि बोंडं किती धरतात?’ ती हसली. ‘पात्या गयी पडतस (गळून पडतात) ना मॅडम. म्हणून तर फवारा मारतस.’ मी म्हटलं, तेच आहे. दर पाळीला अंडाशयात बऱ्याच बीजांची वाढ सुरू होते, त्यातलं साधारण एकच पिकतं, बाकीची आपोआप जिरून जातात. इंजेक्शनं देतात ती त्या महिन्यात जिरणारी बीजं टिकावीत म्हणून. पुढच्या महिन्यांच्या साठ्यातून काही ओढून काढत नाहीत. वयात येताना मुलीच्या अंगात तीन-चार लाख बीजं असतात, आणि सगळ्या आयुष्यात पिकून बाहेर पडतात ती चार-पाचशे. त्यामुळे बीज दिलं म्हणून साठा संपत नाही, आणि पाळी त्यामुळे लवकर जात नाही.

भीती घालवणं सोपं होतं. मला जास्त वेळ घालवायचा होता तो ‘दहा-बारा दिवसांचं काम’ या शब्दांवर. दिवस तेवढेच, पण ते कसे असतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज पोटात इंजेक्शन. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, तीही योनीमार्गातून. शेवटचं एक इंजेक्शन घड्याळ लावून, कारण त्यानंतर साधारण 36 तासांनी बीजं काढायची असतात. दहाला सांगितलं की दहालाच, एसटी चुकली म्हणून बाराला चालत नाही. मग थोडी भूल देऊन सोनोग्राफीत बघत योनीमार्गातून सुई घालतात. पंधरा-वीस मिनिटं लागतात, संध्याकाळी घरी सोडतात. पण बरोबर मोठं माणूस लागतं आणि दुसऱ्या दिवशी वेचणीला वाकता येत नाही. अंडाशयं सुजलेली असतात, वजन उचललं किंवा अंगाला हिसका बसला तर त्यांना पीळ पडू शकतो.

काही जणींची अंडाशयं इंजेक्शनांना जास्तच प्रतिसाद देतात. पोट फुगतं, उलट्या होतात, वजन दोन दिवसांत चढतं, लघवी कमी होते, दम लागतो. असं झालं तर ‘उष्णता झाली’ म्हणून ताक पीत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. हे मी प्रत्येकीला तिच्याच तोंडून वदवून घेते, संगीताकडूनही घेतलं.

‘सासूला काय सांगणार?’

‘माहेरी जाते म्हणून सांगेन.’

‘आणि पोट फुगलं तर?’

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. नवऱ्याला माहीत आहे का, तर तोही ‘नंतर सांगेन’मध्येच होता. मी नवऱ्याच्या परवानगीची बाजू घेत नाही, शरीर तिचं आहे. पण भुलीतून उठल्यावर रिक्षात बसवायला आणि रात्री पोटात दुखलं तर फोन उचलायला, खरं माहीत असलेलं एक तरी माणूस हवं. ते नसेल तर माझ्या हिशेबी ती बाई बीज द्यायला तयार नाही, वय आणि रिपोर्ट कितीही बसोत.

‘ते मूल पुढे कधी दिसलं तर?’ हा प्रश्न तिने अगदी उठता उठता विचारला. बीज देणाऱ्या बाईचा त्या मुलावर आई म्हणून कोणताही हक्क राहत नाही, जबाबदारीही राहत नाही, ते मूल कायद्याने घेणाऱ्या जोडप्याचंच. हे सांगून झालं. पण तिला कायदा विचारायचा नव्हता. बाजारात एखाद्या पोराकडे बघून ‘हे तर नसेल?’ असं मनात येईल का, हे विचारायचं होतं. येऊ शकतं. काही बायकांना येतं, काहींना नाही, आणि आलं म्हणजे चूक झाली असं नाही. मात्र तो विचार आयुष्यभर सोबत राहू शकतो, हे आधीच धरून चालावं.

मग मी विचारलं, ‘हप्ता नसता तर हे केलं असतं का?’

‘नसतं केलं. पण हप्ता आहे ना.’

मायक्रोफायनान्सचा हप्ता. नवऱ्याचे लूम बंद होते आणि दोन हप्ते थकले होते. वसुलीची माणसं सकाळी सातला दारात येऊन बसायची. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी गाठता येत नाही, हे तिला पहिल्यांदाच कळलं. स्त्रीबीजाची खरेदी-विक्री आणि त्यासाठी दलाली हा गुन्हा आहे हेही तिला माहीत नव्हतं. पहिल्या वेळी 5 ते 10 लाख दंड, पुन्हा केलं तर तुरुंग. 2022 मध्ये तमिळनाडूत इरोडला एका अल्पवयीन मुलीचं आधारवरचं वय खोटं वाढवून तिची बीजं विकल्याचं उघड झालं, तेव्हा तिची आईही पकडली गेली होती. दलालाच्या भरवशावर काय काय होऊ शकतं ते कळावं म्हणून मी तिला हे सांगितलं.

तिने सूरतला फोन लावून बँकेचा नोंदणी क्रमांक आणि विम्याचा कागद मागितला. ‘इतके प्रश्न विचारणारी नको’ म्हणून फोन ठेवला गेला.

मला वाटलं विषय संपला. काही महिन्यांनी तिचा पुन्हा फोन. नवऱ्याला सांगून, त्याला बरोबर घेऊन ती एका नोंदणी झालेल्या बँकेत गेली होती. बहिणीला लग्नाला नऊ वर्षं होऊन मूल नव्हतं, ते बघून आपलं बीज कुणाच्या तरी उपयोगी पडावं असं मनात आलं होतं म्हणे. पण रक्त तपासलं आणि बँकेने नको म्हटलं. तिच्या रक्तात सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचा, वाहक गुण निघाला.

‘म्हणजे मना मजारच (माझ्यातच) दोष शे ना?’

नाही. वाहक म्हणजे आजारी नव्हे. तिला आजवर त्याचा काही त्रास नाही, आणि आपल्याकडे सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबार-धुळ्यात, हा गुण बऱ्याच घरांत असतो. बँक नाकारते ती होणाऱ्या मुलाचा विचार करून. प्रश्न तिच्या बीजाचा नव्हता, तिच्या दोन मुलांचा होता. नवराही वाहक असेल तर प्रत्येक मुलाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते. तो वाहक नसेल तर मुलं फार तर तिच्यासारखी वाहक असतील. नवऱ्याचं रक्त सिव्हिलला तपासून घ्या, मुलांचंही घ्या, असं सांगितलं. नवरा दिवाळीला येणार आहे, तेव्हा सगळे एकदमच जाणार आहेत.

हप्त्याचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. गावच्या बचत गटातून उचल घेऊन थकलेले दोन भरले. गटाचं व्याज चालू आहे.