फोनवर बदललेली पाणी कंपनी आणि ३१ महिन्यांचे बिल

प्रश्न : इंग्लंडमधील एका शहरात मी घरगुती जेवणाचे डबे पुरवण्याचा व्यवसाय करते. माझ्यासह एकूण सहाजण काम करतात. जागा भाड्याची असून आमच्यापूर्वी तेथे लाँड्री होती. पाच आठवड्यांपूर्वी एका दलालाचा फोन आला. ‘पाण्याची कंपनी बदला, बिल तीस टक्क्यांनी कमी होईल’ असे त्याने सांगितले आणि मी ‘हो’ म्हणाले. आता कळते की तो तीन वर्षांचा करार झाला असून नवा दर जुन्याहून जेमतेम काही पेन्सने कमी आहे. दरम्यान जुन्या कंपनीने शेवटचे रीडिंग घेऊन जागा घेतल्यापासूनच्या ३१ महिन्यांच्या फरकापोटी ४,८६० पौंडांची मागणी केली आहे. इतके दिवस बिले अंदाजाने येत होती आणि ती मी भरत होते. करारातून सुटता येईल का, आणि ही रक्कम भरावीच लागेल का?

उत्तर : आपल्या पत्रातील दोन प्रश्न वरकरणी वेगळे दिसत असले, तरी दोहोंचे मूळ एकच आहे. पाण्याचे बिल कोणत्या भागांनी बनते आणि त्यातला कोणता भाग कंपनी बदलल्याने बदलू शकतो, हे आपल्याला कोणी सांगितलेच नाही. ते आधी समजून घ्यावे, कारण दलालाविरुद्धची आपली बाजू त्यावरच उभी राहणार आहे.

इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०१७ पासून व्यावसायिक ग्राहकांना पाण्याची कंपनी निवडण्याचा अधिकार मिळाला. स्कॉटलंडमध्ये तो २००८ पासूनच होता, तर वेल्समध्ये तो फार मोठ्या प्रमाणावर पाणी वापरणाऱ्यांपुरताच आहे. मात्र जी कंपनी आपण निवडतो ती केवळ रिटेलर असते. मीटर वाचणे, बिल पाठवणे, तक्रार ऐकणे हे तिचे काम. पाणी शुद्ध करणे, नळांतून पोहोचवणे आणि सांडपाणी वाहून नेणे हे काम त्या विभागातील घाऊक कंपनीकडेच राहते आणि तिचे दर रिटेलर कोणताही असला तरी तेच असतात. ढोबळमानाने बिलाचा नव्वद टक्क्यांच्या आसपासचा भाग या घाऊक दरांचा असतो. म्हणजेच रिटेलरने आपला सगळा वाटा सोडून दिला, तरीही केवळ कंपनी बदलून तीस टक्के बचत होणे शक्य नव्हते. ज्याचा व्यवसायच हे करार विकण्याचा आहे, त्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती असे न्यायालयात सांगणे अवघड जाईल.

आता कराराचे पाहू. करार तोंडी झाला म्हणून तो बंधनकारक नाही, असा समज पुष्कळांचा असतो. इंग्लिश कायद्यात हा समज चालत नाही; तोंडी करारही बंधनकारक असतो. त्याचप्रमाणे २०१३ च्या ग्राहक-करार नियमांनी घरगुती ग्राहकाला दूरध्वनीवरील खरेदी रद्द करण्याची जी मुदत मिळते, ती व्यावसायिकाला मिळत नाही. पाणी बाजारासाठी ऑफवॉट या नियामक संस्थेने लागू केलेल्या ग्राहक संरक्षण संहितेत मात्र सूक्ष्म व्यवसायांसाठी, म्हणजे मुख्यतः दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्यांसाठी, सात दिवसांची फेरविचाराची मुदत आहे. आपण या वर्गात येता, परंतु पाच आठवडे लोटले आहेत. म्हणून पहिली गोष्ट ही तपासावी की कराराच्या अटी लेखी स्वरूपात आपल्याकडे कधी आल्या, आणि या मुदतीविषयी आपल्याला तेव्हा काही सांगितले होते का. अटी उशिरा पोहोचल्या असतील, किंवा पोहोचल्याच नसतील, तर मुदत संपल्याचे रिटेलरचे म्हणणे बरेच लंगडे पडते. त्याचबरोबर, दलालाला आपल्या वतीने व्यवहार करण्याचा कोणता लेखी अधिकार होता, याची प्रत रिटेलरकडे मागावी. आपण असे कोणतेही पत्र सही करून दिलेले नसेल, तर हा प्रश्न विचारण्यानेच पुष्कळदा पुढची बोलणी सोपी होतात.

यापेक्षा भक्कम आधार १९६७ च्या मिसरिप्रेझेंटेशन अ‍ॅक्टचा आहे. खोट्या विधानावर विसंबून एखाद्याने करार केला, तर तो करार रद्द करून मागता येतो. आणि ते विधान खरे मानण्यास स्वतःकडे वाजवी कारण होते हे ते करणाऱ्याला सिद्ध करता आले नाही, तर कलम २ खाली नुकसानभरपाईही मागता येते. ‘फोनवर दिलेली आश्वासने कराराचा भाग नाहीत’ असे कलम लेखी अटींत सापडले, तरी घाबरून जाऊ नये. असे कलम वाजवीपणाच्या कसोटीला उतरले तरच टिकते, हे त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये म्हटले आहे. येथे एक अडचण मी लपवू इच्छित नाही. आश्वासन दलालाने दिले आणि करार रिटेलरशी झाला. तेव्हा दलाल आमचा प्रतिनिधी नव्हताच, असे रिटेलर म्हणेल. त्यावर विचारायचा प्रश्न साधा आहे : या कराराबद्दल दलालाला कमिशन कोण देतो, आणि ते आपल्या दरात मिळवलेले आहे का? उत्तर बहुधा आपल्या बाजूचेच निघते.

हे सर्व सिद्ध करायचे तर त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण हवे. आपला आवाज हा आपला वैयक्तिक तपशील असल्याने, माहिती संरक्षण कायद्याखाली दलाल आणि रिटेलर या दोघांकडेही त्याची प्रत मागण्याचा हक्क आपल्याला व्यक्ती म्हणून आहे, व्यवसाय कंपनीच्या नावावर असला तरीही. सर्वसाधारणपणे एका महिन्यात ती द्यावी लागते आणि तिच्यासाठी शुल्क नसते. ही मागणी आजच ई-मेलने पाठवावी. मुद्रणे फार काळ ठेवली जात नाहीत, आणि मागणी पोहोचल्यानंतर ते पुसले गेले तर त्याचे उत्तर त्यांना द्यावे लागेल. करार रद्द करण्याची नोटीस रिटेलरला द्यावी, परंतु निकाल लागेपर्यंत नव्या कंपनीची चालू बिले ‘हक्क राखून’ असे लिहून भरत राहावे. निमूटपणे भरत राहिल्यास आपण करार मान्य केल्याचा अर्थ काढला जातो, आणि मुळीच न भरल्यास घरगुती जोडणीला बिल थकल्यावर जे संरक्षण आहे ते व्यावसायिक जोडणीला नसल्याने, पाणी तोडले जाण्याचा धोका संभवतो.

आता जुन्या कंपनीची मागणी. कायद्याने एरवी सहा वर्षांपर्यंतची थकबाकी मागता येते. परंतु वर उल्लेखिलेल्या संहितेनुसार रिटेलरला बिलाच्या तारखेपूर्वीच्या १६ महिन्यांपलीकडची मागील आकारणी करता येत नाही. ग्राहकानेच मीटरपर्यंत जाऊ दिले नाही, अशासारखा दोष त्याच्याकडे असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे मीटर वाचायला कोणी आले आणि परत गेले असे पत्रात काही नाही, तेव्हा ३१ पैकी १५ महिन्यांची मागणी गळून पडायला हवी. सरळ प्रमाणाने पाहिले तर उरणारी रक्कम सुमारे २,५०० पौंड होते. मात्र या आकड्यावर मी समाधान मानणार नाही, कारण आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य लाँड्रीविषयीचे आहे.

लाँड्री पाणी किती वापरते हे सांगायला नको. ती गेली आणि आपण आलात, त्या दिवशीचे मीटरचे रीडिंग कोणी प्रत्यक्ष घेतले होते का? ते अंदाजाने धरले असेल आणि तो अंदाज कमी असेल, तर लाँड्रीने वापरलेले पाणी आपल्या खात्यात उतरले आहे, आणि आपण मागच्या भाडेकरूची धुणी धुऊन देत आहात. जागा ताब्यात घेतानाची छायाचित्रे, भाडेकराराची तारीख, घरमालकाकडील नोंदी, लाँड्रीचे शेवटचे बिल, जे मिळेल ते गोळा करावे. जागेच्या प्रत्येक जोडणीला बिलावर छापलेला एक ‘स्पिड’ क्रमांक असतो. पाण्यासाठी एक आणि सांडपाण्यासाठी एक. त्याच्या आधारे बाजारव्यवस्थेच्या मध्यवर्ती नोंदींत त्या मीटरची सर्व रीडिंगे असतात. ती सगळी, आणि त्यांपैकी प्रत्यक्ष कोणती व अंदाजाची कोणती, असे जुन्या कंपनीने लेखी कळवावे अशी मागणी करावी. सोबत आपणही पडताळा घ्यावा. पंधरा दिवस रोज एकाच वेळी मीटर वाचून आपला खरा वापर काढावा (एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर) आणि तो ३१ महिन्यांच्या दाव्याशी ताडून पाहावा. एका रात्री सर्व नळ बंद करून झोपण्यापूर्वीचे आणि सकाळचे रीडिंग लिहून ठेवावे. काटा हलला असेल तर गळती आहे. हद्दीच्या आतील नळ हा जागेच्या मालकाचा असतो, आणि दुरुस्ती त्याने करायची की आपण, हे भाडेकरार सांगेल. गळलेले पाणी जमिनीत मुरले असेल तर निदान सांडपाण्याच्या आकारात सूट मागता येते. पाण्याच्या आकारात ती मिळण्याची आशा मी व्यावसायिक ग्राहकाला सहसा दाखवत नाही.

लाँड्रीचा वारसा आणखी दोन ठिकाणी तपासण्याजोगा आहे, आणि खरी बचत मला तेथेच दिसते. मीटरपोटी द्यावे लागणारे स्थिर शुल्क त्याच्या आकारमानावर ठरते. लाँड्रीसाठी बसवलेले मोठे मीटर अजून तेथेच असेल तर आपण गरज नसलेल्या क्षमतेचे पैसे भरत आहात. लहान मीटरची मागणी रिटेलरमार्फत घाऊक कंपनीकडे करता येते. खर्च किती आणि तो किती महिन्यांत वसूल होईल, एवढे आधी विचारून घ्यावे. दुसरे, बिलावर ‘ट्रेड एफ्लुअंट’ अशी ओळ आहे का ते पाहावे. धंद्यातून निघणारे सांडपाणी गटारात सोडण्यासाठी १९९१ च्या वॉटर इंडस्ट्री अ‍ॅक्टच्या कलम ११८ खाली परवानगी लागते, आणि तिचा आकार पाण्याच्या प्रमाणाबरोबरच त्यातील मळाच्या तीव्रतेवरही ठरतो. लाँड्रीची जुनी नोंद आपल्या खात्याला चिकटलेली असेल तर ती ताबडतोब हटवून घ्यावी. मात्र येथे एक सावधगिरीची सूचना. बाहेर नेऊन खाण्यासाठी अन्न शिजवण्याच्या व्यवसायातील पाणीवापर या कायद्याने ‘घरगुती वापर’ या व्याख्येतून वगळलेला आहे. त्यामुळे आपल्यालाही परवानगी हवी का, असा प्रश्न घाऊक कंपनी उलट विचारू शकते. अर्ज करण्यापूर्वी स्वयंपाकघरातील तेल-तुपाचा सापळा बसवलेला आणि साफ ठेवलेला असावा, कारण गटार तुंबवणारे पदार्थ सोडणे हा त्याच कायद्याच्या कलम १११ खाली गुन्हा आहे.

छतावरचे पावसाचे पाणी सार्वजनिक गटारात न जाता जमिनीतल्या शोषखड्ड्यात जात असेल, तर त्याचा आकार माफ होतो. मीटरमधून गेलेल्या पाण्यापैकी नव्वद ते पंच्याण्णव टक्के पाणी गटारात जाते असे गृहीत धरले जाते आणि ज्यांच्या मालात किंवा वाफेत पाणी जाते त्यांना ते प्रमाण कमी करून घेता येते, हेही खरे; पण डब्यांच्या स्वयंपाकघरात बहुतेक पाणी भांडी घासण्यातच जात असल्याने या वाटेने आपला वेळ खर्चू नये. व्हॅटची ओळ मात्र पाहावी. विशिष्ट औद्योगिक उत्पादकांना पाण्यावर २० टक्के व्हॅट लागतो. तयार जेवण पुरवणारे त्यात मोडत नाहीत. लाँड्रीच्या काळातली चुकीची वर्गवारी येथेही राहून गेलेली असू शकते.

कृतीचा क्रम असा ठेवावा. जुन्या कंपनीला तक्रारीचे लेखी पत्र पाठवून १६ महिन्यांपलीकडची आकारणी संहितेविरुद्ध असल्याचे आणि आरंभीचे रीडिंग वादग्रस्त असल्याचे कळवावे, मागणीची रक्कम वादात आहे असे स्पष्ट शब्दांत नोंदवावे आणि वाद मिटेपर्यंत वसुली संस्थेकडे प्रकरण देऊ नये असे सांगावे. जो भाग आपल्याला स्वतःच्या मीटर-पडताळ्यानुसार मान्य आहे तो भरून टाकावा. त्याने आपला प्रामाणिकपणा कागदावर येतो. कंपनीच्या तक्रार-प्रक्रियेतून समाधान झाले नाही, तर कन्झ्युमर कौन्सिल फॉर वॉटर ही ग्राहकांची वैधानिक संस्था व्यावसायिकांच्या तक्रारीही विनामूल्य हाताळते. नव्या रिटेलरविरुद्धची तक्रारही तेथे नेता येईल. दलालाविरुद्धची मात्र तेथे चालेलच असे नाही, तिच्यासाठी दिवाणी न्यायालय आहे, आणि १०,००० पौंडांपर्यंतचा दावा सर्वसाधारणपणे स्मॉल क्लेम्स ट्रॅकमध्ये, म्हणजे लहान दाव्यांसाठीच्या सोप्या प्रक्रियेत, चालत असल्याने वकिलाच्या खर्चाची भीती बाळगण्याचे कारण नाही. तेथे जाण्यापूर्वी ध्वनिमुद्रण हाती यायला हवे. ते आल्यावर, त्यातील तीस टक्क्यांचे वाक्य नेमक्या कोणत्या शब्दांत उच्चारले आहे ते लिहून काढून, करार आणि दोन्ही कंपन्यांची शेवटची बिले यांसह स्थानिक सॉलिसिटरला दाखवावे. ‘होईल’ आणि ‘होऊ शकेल’ यांतल्या फरकावर अशा दाव्यांचे बरेच काही अवलंबून असते.