लंडन 2017 च्या जागतिक स्पर्धेत 100 मीटरचे सुवर्ण आणि रौप्यविजेते दोघेही अमेरिकेकडे होते, तरी पुरुषांची 4 बाय 100 रिले ब्रिटनने कशी जिंकली?

प्रश्नाच्या खाली तुम्ही आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत. जमैकाचा उसेन बोल्ट कोसळला म्हणून ब्रिटनला सुवर्ण फुकट मिळालं का? आणि भारताला या शर्यतीत कधी काही करता येईल का? मी शाळेतल्या मुलांना रिले शिकवतो, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. उत्तर थोडं लांबेल.

बोल्टचं आधी उरकतो. 12 ऑगस्ट 2017 ची ती शर्यत त्याच्या कारकिर्दीतली शेवटची. सहकारी योहान ब्लेककडून बॅटन (रिलेत चार धावपटू एकापाठोपाठ पुढच्याच्या हातात देतात ती नळी) त्याच्या हातात आली तेव्हा ब्रिटन आणि अमेरिका दोघेही जमैकाच्या पुढे होते. सरळ पट्टीवर थोडं अंतर गेला आणि डाव्या मांडीच्या मागच्या स्नायूत पेटका येऊन तो लंगडत खाली पडला. शर्यतीआधी आम्हाला फार वेळ थांबवून ठेवलं, अंग थंड पडलं, अशी तक्रार त्याच्या सहकाऱ्यांनी नंतर केली. वाट बघून अंग थंड पडलं की स्नायू दगा देतात हे कुठलाही धावपटू सांगेल, त्यामुळे ती तक्रार मला खोटी वाटत नाही. पण त्याने फार तर जमैकाचं पदक गेलं. अमेरिकेच्या लेनमध्ये कुणी पडलं नव्हतं, बॅटनही सुटली नव्हती. ब्रिटनने 37.47 सेकंद नोंदवले, अमेरिकेने 37.52 आणि जपानने 38.04. त्यातला 37.47 हा युरोपीय विक्रम होता. असा वेळ दुसरा कुणी पडल्यामुळे मिळत नाही.

आता खरा मुद्दा. अमेरिकेकडून माइक रॉजर्स, जस्टिन गॅटलिन, जेलन बेकन आणि ख्रिश्चन कोलमन धावले. त्याच स्पर्धेत आठवडाभर आधी गॅटलिनने 9.92 मध्ये 100 मीटर जिंकली होती, कोलमन 9.94 सह दुसरा होता आणि बोल्ट 9.95 सह तिसरा. ब्रिटनकडून चिजिंडू उजाह, अ‍ॅडम जेमिली, डॅनी टॅलबट आणि नेथनील मिचेल-ब्लेक. त्यांच्यापैकी कुणाकडेही त्या स्पर्धेतलं वैयक्तिक पदक नव्हतं. मिचेल-ब्लेक 200 मीटरमध्ये चौथा आला होता, आणि जेमिलीची तर वैयक्तिक शर्यतीसाठी निवडही झाली नव्हती.

चौघांच्या 100 मीटरच्या आयुष्यातल्या सर्वोत्तम वेळा एकत्र करा. अमेरिकेची बेरीज साधारण 39.4 सेकंद होते, ब्रिटनची साधारण 40.1. म्हणजे कागदावर ब्रिटन पाऊण सेकंदाच्या आसपास मागे. सर्वोत्तम वेळा वेगवेगळ्या वर्षांतल्या असतात, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही, पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. प्रत्यक्ष रिलेत ब्रिटनने आपल्या बेरजेपेक्षा सुमारे 2.6 सेकंद कमी घेतले, अमेरिकेने सुमारे 1.9 च. बेरजेपेक्षा कमी वेळ सगळ्यांनाच लागतो, कारण पहिला सोडून बाकी तिघे उभ्याने सुरुवात करत नाहीत, पळतापळता बॅटन घेतात. पण हा फायदा किती उचलायचा ते बॅटन बदलताना ठरतं. ब्रिटनने तो जवळजवळ पुरता उचलला, अमेरिकेने नाही.

बॅटन बदलण्याच्या जागी नेमकं काय होतं हे टीव्हीवर नीट कळत नाही. तेव्हाच्या नियमानुसार बदलाचा पट्टा 20 मीटरचा होता आणि घेणाऱ्याला वेग पकडायला त्याआधी 10 मीटर मिळायचे. (त्याच वर्षाअखेर नियम बदलून सरसकट 30 मीटरचा पट्टा केला गेला.) घेणारा आपल्या उभं राहण्याच्या जागेपासून मागे पावलं मोजतो आणि तिथे ट्रॅकवर टेपची खूण चिकटवतो. देणाऱ्याचा पाय त्या खुणेवर आला की घेणाऱ्याने सुटायचं. सुटल्यावर मागे बघायचं नाही. पूर्ण ताकदीने पळायचं, हाक आली की हात मागे न्यायचा, आणि बॅटन तळव्यात टेकेल असं धरून चालायचं.

वाचायला सोपं आहे, करायला नाही. आमच्या मैदानावर नवीन मुलगा पहिल्यांदा हे करतो तेव्हा सुटताना जोरात सुटतो, पण चार पावलांवर त्याची मान वळतेच. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की पाऊल आखूड पडतं, आणि मागून येणारा त्याच्या अंगावर जाऊन आदळतो. मग दोघांनाही वाटतं की खूण चुकली, आणि टेप उचलून पुढे-मागे करत बसतात. बहुतेक वेळा खूण बरोबरच असते. विश्वास बसायला वेळ लागतो, आणि तो एकट्याने सराव करून येत नाही. त्याच जोडीने तेच पुन्हा पुन्हा करावं लागतं.

रिलेत महत्त्वाचा असतो तो बॅटनचा वेग, एकेका माणसाचा नाही. नियमही बॅटनवरच आहे: पट्ट्याच्या आत बॅटन असायला हवी, धावपटूचं शरीर कुठे आहे ते बघत नाहीत. देणाऱ्याचा हात पुढे आणि घेणाऱ्याचा मागे, दोन्ही पूर्ण ताणलेले असले तर साधारण मीटरभर अंतर कुणालाच पळावं लागत नाही. असे तीन बदल. पहिला धावपटू बॅटन उजव्या हातात धरतो, दुसरा डाव्या, तिसरा उजव्या, चौथा डाव्या. त्यामुळे वळणावर पळणारे पहिला आणि तिसरा आतल्या रेषेला चिकटून राहू शकतात, आणि कुणाला हात बदलावा लागत नाही. हे सगळं जमलं आणि घेणारा जवळजवळ पूर्ण वेगात असताना बॅटन मिळाली तर ती चारशे मीटरभर कुठेच मंदावत नाही. लंडनला दोन संघांत 0.05 सेकंदाचा फरक पडला. त्या वेगाला हे अंतर अर्धा मीटर, जेमतेम दोन बॅटन एकापुढे एक ठेवल्याइतकं.

शेवटच्या टप्प्यावर मिचेल-ब्लेकच्या बाजूच्या कोलमनला ताज्या रौप्यपदकाचा जोर होता. तरी त्याला फरक भरून काढता आला नाही, कारण भरून काढायचं ते आधीच हुकलं होतं.

आता मला सर्वात जास्त भावणारा भाग. हे चौघे काही जादूने असे जुळले नव्हते. 2012 च्या ऑलिंपिकमध्ये, याच लंडनच्या स्टेडियममध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर ब्रिटनचा संघ प्राथमिक फेरीतच बाद झाला होता. शेवटचा बदल पट्ट्याबाहेर गेला. देणारा होता टॅलबट आणि घेणारा जेमिली. जेमिली तेव्हा अठरा वर्षांचा होता, लवकर सुटला, आणि टॅलबटला तो गाठता आला नाही. पुढे 2015 मध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत शेवटच्या बदलाला पुन्हा तेच झालं. तेव्हा लवकर सुटणारा होता उजाह. म्हणजे 2017 च्या चौघांपैकी तिघांनी जगासमोर हे दुःख पचवलेलं होतं.

आणि लंडनला काय केलं बघा. उजाहला पहिल्या टप्प्यावर ठेवलं, म्हणजे त्याला बॅटन घ्यायचीच नव्हती. जेमिली दुसऱ्यावर, टॅलबट तिसऱ्यावर. पाच वर्षांपूर्वीची तीच जोडी, तेच स्टेडियम, फक्त आता देणारा जेमिली आणि घेणारा टॅलबट. जमलं तर त्या दोन क्षणांत सगळं मोकळं होणार होतं. जमलं. ब्रिटनच्या पुरुष संघाचं या शर्यतीतलं हे पहिलं जागतिक सुवर्ण. त्या शर्यतीचा व्हिडिओ मिळाला तर शेवटचे शंभर मीटर सोडून हा दुसरा बदल बघा. माझ्या मते शर्यत तिथे झाली. (उजाह पुढे 2021 मध्ये टोकियोत उत्तेजक चाचणीत सापडला आणि त्याच्यासोबत टोकियोच्या रिले संघातल्या इतर तिघांचंही ऑलिंपिक रौप्य गेलं. हे मला फार लागलं. 2017 चं सुवर्ण मात्र कायम आहे.)

अमेरिकेबद्दल म्हणाल तर तिच्याकडे धावपटूंची कमतरता कधीच नव्हती. 2008 बीजिंगला बॅटन पडली. 2015 ला आणि 2016 रिओला बदल नियमात बसला नाही म्हणून बाद. रिओत तर कांस्य मिळालं समजून खेळाडू झेंडे घेऊन फेरी मारत होते, आणि मग कळलं की पहिल्याच बदलात गॅटलिनने बॅटनला पट्ट्याआधी हात लावला होता. 2024 पॅरिसला कोलमन आणि केनी बेडनारेक यांच्यात पहिलाच बदल फसला. दरवर्षी नवीन चौकडी, ज्याचा वेग जास्त तो आत, असं असलं की असंच व्हायचं. 2019 दोहाला त्यांनी 37.10 मध्ये सुवर्ण जिंकलं, म्हणजे बदल नीट झाले की ते काय करू शकतात तेही दिसलं.

दुसऱ्या टोकाला जपान. 2016 रिओत 37.60 मध्ये रौप्य, आणि तेव्हा त्या चौघांपैकी एकानेही 100 मीटर दहा सेकंदांच्या आत पळालेले नव्हते. बॅटन खालून वर देण्याची पद्धत ते जपून वापरतात, कारण त्यात घेणाऱ्याच्या हाताची पळण्याची लय कमी बिघडते. आणि कॅनडा: पॅरिसला लेन 9 मधून 37.50 मध्ये सुवर्ण. अ‍ॅरन ब्राउन, ब्रेंडन रॉडनी आणि आंद्रे डी ग्रास हे तिघे रिओपासून एकत्र पळत होते. जेरोम ब्लेक नंतर आला आणि त्या घडीत बसला.

भारताचं विचारलंत म्हणून सांगतो, आपल्याला एकदा चव मिळालेली आहे. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत रहमतुल्ला मोल्ला, सुरेश सत्या, शमीर मोन आणि अब्दुल नजीब कुरेशी यांनी 38.89 मध्ये कांस्य आणलं. इंग्लंड 38.74, जमैका 38.79. पहिल्या तिघांत 0.15 सेकंदाचा फरक! तो राष्ट्रीय विक्रम पुढे जवळजवळ पंधरा वर्षं कुणाला मोडता आला नाही. एप्रिल 2025 मध्ये चंदीगडला गुरिंदरवीर सिंग, अनिमेश कुजूर, मणिकंठ होबळीधर आणि अम्लान बोरगोहाईं यांनी 38.69 काढले. 2023 च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत दक्षिण कोरियाला 38.74 वर कांस्य मिळालं होतं, त्यावरून अंदाज करा. आशियाई पदक आपल्या हाताच्या अंतरावर आहे. जागतिक अंतिम फेरीसाठी मात्र साधारण 38 च्या खालीवर जावं लागतं, आणि तिथे पोचायचं तर या चौघांना दोन-तीन वर्षं एकत्र ठेवून, परदेशात रिलेच्या शर्यती पळायला लावून, तेच बदल परत परत करून घेतले पाहिजेत. निवड चाचणीत कुणी दोन शतांशांनी पुढे आला म्हणून जुळलेली जोडी मोडू नये, एवढं माझं ठाम म्हणणं आहे.