रक्ततपासणीवरून धमन्यांचा ताठरपणा कळतो का?

नाशिकमधील शिबिरात एचएस-सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी सीआरपीची संवेदनशील रक्ततपासणी) ४.२ आले म्हणून धमन्या ताठर झाल्या असतील, ही आपली भीती स्वाभाविक आहे. परंतु केवळ रक्तावरून तसे ठरवता येत नाही. मानेपासून जांघेपर्यंत नाडीची लहर किती वेगाने पोहोचते यावरून ताठरपणा मोजतात आणि हा वेग सेकंदाला १० मीटरपेक्षा अधिक असल्यास धोका वाढलेला मानतात. सीआरपी, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निर्देशक) यांचा ताठरपणाशी संबंध आढळतो खरा, पण वय आणि रक्तदाब हिशेबात घेतले की तो पुष्कळदा क्षीण होतो.

शिवाय सीआरपी साध्या संसर्गानेही वाढते. पंचवटीत राहणाऱ्या माझ्या वडिलांची दाढ सुजली होती तेव्हा हाच आकडा १२ आला होता. दाढ काढल्यावर महिनाभराने तो १ च्याही खाली उतरला, आणि मधल्या काळात आम्ही उगाच धास्तावलो. म्हणून पूर्ण बरे वाटत असताना, किमान दोन आठवड्यांच्या अंतराने, ही तपासणी पुन्हा करावी.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे रक्तदाबाचे दोन्ही आकडे पाहावेत: उतारवयात १५८/७२ असा दाब असेल, म्हणजे दोहोंतील फरक ६० हून अधिक असेल, तर ताठरपणाची शक्यता धरून डॉक्टरांना जरूर दाखवावे.