फायनान्स कंपनीतून आपली माहिती फुटली, आता दाद कुठे मागायची?

या वेळी सदराला आलेल्या पत्रांत निम्मी पत्रं एकाच विषयाची आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत. पत्रं थोडी छोटी केलीत आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : वकीलताई नमस्कार. मी शाळेत शिक्षिका आहे. तीन वर्षांपूर्वी एका फायनान्स कंपनीकडून टू-व्हीलर लोन घेतलं होतं, ते फेडून एनओसी पण घेतली. आता त्यांचा मेल आलाय की काही ग्राहकांची माहिती बाहेरच्या लोकांच्या हाती गेली असण्याची शक्यता आहे. पॅन, आधार, कॅन्सल चेक, पगाराच्या स्लिपा सगळं त्यांच्याकडे होतं. पैसे अजून गेले नाहीत पण झोप उडालीय. केस टाकता येईल का, भरपाई मिळेल का?

उत्तर : मॅडम, आधी एक सांगते, त्या मेलमधल्या लिंकवर क्लिक करू नका. माहिती फुटली की तसाच दिसणारा खोटा मेल पाठवणारेही लगेच उगवतात, त्यामुळे कंपनीच्या साइटवर स्वतः जाऊन तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता शोधा आणि तिथेच लिहा.

आता केसचं. केस टाकता येते, पण आज टाकलीत तर हातात फारसं काही पडणार नाही, हे मी स्पष्टच सांगते कारण फी घेऊन नोटीस पाठवणारे भरपूर आहेत. आयटी कायद्यातलं कलम ४३अ म्हणतं की बँक खातं, कार्ड, पासवर्ड अशी संवेदनशील माहिती ठेवणाऱ्या कंपनीने सुरक्षेत हलगर्जी केली आणि त्यामुळे कुणाचं नुकसान झालं तर तिने भरपाई द्यायची. यातला 'त्यामुळे नुकसान झालं' हा भाग तुम्हाला दाखवावा लागतो, नुसत्या भीतीचे पैसे या कलमात मिळत नाहीत. हा दावा नेहमीच्या कोर्टात जात नाही, तो राज्याच्या आयटी सचिवांपुढे जातो, त्यांना न्यायनिर्णय अधिकारी म्हणतात आणि ५ कोटींपर्यंतचे दावे ते ऐकतात. हे पुष्कळ वकिलांनाही माहीत नसतं.

आणि आता मला खरंच खटकणारी गोष्ट. २०२३ साली नवीन डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, कंपन्यांवरची मुख्य बंधनं मात्र १८ महिन्यांनी म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. त्यात सुरक्षेत कसूर केली तर २५० कोटींपर्यंत आणि माहिती फुटल्याचं कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत दंड आहे, पण हा सगळा दंड सरकारी तिजोरीत जातो, ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला रुपयाही नाही, आणि वरून त्याच कायद्याने ४३अ काढून टाकायचं ठरवलंय. म्हणजे भरपाई मागायचा थेट रस्ताच बंद. तेव्हा ज्यांचं खरोखर नुकसान झालंय त्यांनी तोवर थांबू नये.

तुमच्यासारख्यांना, ज्यांचं अजून काही गेलेलं नाही, आत्ता करण्यासारखं महत्त्वाचं काम म्हणजे कागद तयार ठेवणं. तक्रार अधिकाऱ्याला मेल टाका आणि विचारा : माझी कोणकोणती माहिती तुमच्याकडे होती, त्यातली नेमकी कोणती फुटली, कधी फुटली, तुम्हाला कधी कळलं, सर्ट-इनला कळवलं का. (सर्ट-इन म्हणजे सायबर घटनांवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था, असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवायचं बंधन २०२२ पासून आहे.) 'माझं सगळं डिलीट करा' असं मात्र लिहून उपयोग नाही, कारण केवायसीची कागदपत्रं खातं बंद झाल्यावरही ५ वर्षं ठेवायची असं मनी लाँडरिंगविरोधी कायदाच त्यांना सांगतो. पण ठेवायचीत तर नीट सांभाळायची जबाबदारीही त्यांचीच ना. उत्तर येवो न येवो, तुमचा मेल तारखेसकट राहतो, उद्या काही झालं तर तोच पहिला पुरावा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका, पाच मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : मी रिटायर्ड आहे. माझ्या पर्सनल लोनचा नंबर, हप्त्याची रक्कम, शेवटचा हप्ता कधी कापला, सगळं अचूक सांगणारा फोन आला, मला वाटलं कंपनीचाच माणूस. बोलता बोलता खात्यातून ४८,००० गेले. दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो तर म्हणतात तुम्ही ओटीपी दिला असणार, तुमचीच चूक. ओटीपीचा मेसेज आला होता पण मी तो सांगितलेला नाही. घरात कुणाला तोंड दाखवायची लाज वाटते.

उत्तर : काका, लाज तुम्ही का बाळगायची, तुमच्या हप्त्याची तारीख चोराच्या हातात ज्यांनी पडू दिली त्यांनी बाळगावी. तुमचं पत्र वाचून मी तुम्हाला लगेच फोन केला होता, तरी इतरांसाठी सविस्तर लिहिते कारण इथे दिवस मोजले जातात.

सगळ्यात आधी १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर, पैसे गेल्या गेल्या, बँकेत जायच्याही आधी. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतात तेवढ्यातच ते गोठवता येतात. त्याचा तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मग बँकेला लेखी कळवा, नुसतं काउंटरवर तोंडी सांगून परत येऊ नका. काका, तुम्ही तेच केलंत, दुसऱ्या दिवशी बँकेत गेलात पण हातात त्याची पोच नाही, म्हणून मी फोन केला त्याच दिवशी तुमच्याकडून मेल करून घेतला आणि त्यात 'काल दुपारी शाखेत येऊन सांगितलं' हे वाक्य मुद्दाम घातलं.

आरबीआयचा २०१७ चा नियम असा आहे : चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, मग कधीही कळवा. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्याच कुणाकडे आहे, म्हणजे माहिती तिसरीकडून फुटलीय, तर बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवलं की जबाबदारी शून्य. ४ ते ७ दिवस लागले तर नेहमीच्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० तुमच्या अंगावर, बाकी बँकेच्या. ७ दिवसांपुढे मात्र बँकेच्या स्वतःच्या धोरणावर अवलंबून. शून्य किंवा मर्यादित जबाबदारी असेल तेव्हा कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं, 'दिला असणार' हे म्हणणं म्हणजे सिद्ध करणं नव्हे.

आता दुसरी बाजूही सांगते. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच धरलं जातं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. त्यामुळे त्या फोनवर काय काय घडलं, कुठलं ॲप टाकायला लावलं का, कुठली लिंक उघडली का, हे सगळं जसं झालं तसं लिहा, काही लपवू नका, नंतर उलटतपासणीत तेच बाहेर येतं.

स्टेट बँकेविरुद्धचं एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. ग्राहकाने एका कपड्यांच्या ब्रँडच्या साइटवरून खरेदी केली होती, त्या साइटवरची माहिती फुटली, कस्टमर केअरचा म्हणून फोन आला आणि ९४,२०४ रुपये गेले. त्याने २४ तासांच्या आत कळवलं होतं. गुवाहाटी उच्च न्यायालयाने बँकेला पैसे परत करायला सांगितलं आणि ३ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. तुमच्या तक्रारीत हा दाखला घाला.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं तर आरबीआयच्या लोकपालाकडे जायचं, सीएमएस पोर्टलवर तक्रार होते, फी नाही, वकील लागत नाही. फक्त आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, थेट गेलात तर परत पाठवतात. लोन कंपनीविरुद्ध वेगळी तक्रार करा, कारण चोराला तुमचा हप्ता कळला तो तिच्याकडून, तुम्ही ती तारीख कुणाला सांगत फिरला नव्हतात.

प्रश्न : माझ्या पॅनवर कुणीतरी ॲपवरून लोन काढलंय, मला वसुलीवाल्यांचे फोन यायला लागले तेव्हा कळलं. पोलीस म्हणतात सिव्हिल मॅटर आहे.

उत्तर : अजिबात सिव्हिल नाही. दुसऱ्याची ओळख वापरणं हा आयटी कायद्याच्या ६६क कलमाखाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा. स्टेशनला नाही म्हणाले तर सायबर क्राइमच्या पोर्टलवर नोंदवा आणि पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या.

सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट (म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद) फुकट मिळतो, चारही मागवा, कारण एकात नसलेलं लोन दुसऱ्यात निघतं. 'एन्क्वायरी' चा भाग, म्हणजे तुमच्या नावावर कर्ज मागितलं म्हणून कुणी चौकशी केली तो, आवर्जून बघा, माझ्याकडे आलेल्या एका ताईंच्या रिपोर्टमध्ये लोन एकच दिसत होतं पण खाली एकाच आठवड्यातल्या सहा एन्क्वायऱ्या होत्या, म्हणजे चोर अजून प्रयत्न करत होता. चुकीची नोंद दिसली की डिस्प्यूट टाका, ३० दिवसांत निकाल द्यावा लागतो, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये तुम्हाला द्यायचे हा आरबीआयचाच नियम आहे.

ॲपमागे जी खरी कर्ज देणारी कंपनी आहे तिला एकच गोष्ट ठामपणे विचारा : लोनचे पैसे कुठल्या खात्यात टाकले? ते खातं तुमचं नाही हे दिसलं की अर्धी लढाई तिथेच संपते. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, नोंद ठेवा.

प्रश्न : अमेरिकेत इक्विफॅक्समधून डेटा फुटला तेव्हा लोकांना पैसे मिळाले होते. आमचा एका कंपनीच्या ग्राहकांचा चाळीस जणांचा ग्रुप आहे, आम्हाला एकत्र केस करता येईल का?

उत्तर : तिथलं चित्र ऐकतो तितकं गोड नव्हतं. २०१७ ला सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली, २०१९ ला तडजोड झाली, ४२.५ कोटी डॉलर्सपर्यंतचा निधी लोकांसाठी ठरला. ज्याला रोख हवी त्याला १२५ डॉलर्सपर्यंत असं सांगितलं, पण त्या रोखीसाठी बाजूला ठेवलेले फक्त ३.१ कोटी आणि मागणारे ढीगभर, त्यामुळे वाट्याला फारच थोडे आले. प्रत्यक्ष नुकसानीचे कागद दाखवणाऱ्यांसाठी वेगळी सोय होती, ती माणशी २०,००० डॉलर्सपर्यंत.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३५ मध्ये सोय आहे, एकसारखी तक्रार असलेले काही जण जिल्हा ग्राहक आयोगाची परवानगी घेऊन सगळ्यांच्या वतीने तक्रार करू शकतात. माहिती नीट न सांभाळणं ही सेवेतली त्रुटी असं मांडायचं. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही टाकता येते. मुदत २ वर्षं. मनस्तापाची भरपाईही आयोग देऊ शकतो, पण किती देईल ते तुमच्या कागदांवर.

चाळीसच्या चाळीस जणांना लगेच अर्जात घालू नका. ज्यांचे पैसे गेलेत, ज्यांच्या नावावर लोन निघालंय, ज्यांना त्या महिन्यानंतरच खोटे फोन सुरू झालेत, असे वेगळे काढा आणि प्रत्येकाच्या पहिल्या फोनची तारीख एका कागदावर एकाखाली एक लिहा. सगळ्यांच्या तारखा त्या एकाच पंधरवड्यात येत असतील तर तो कागद घेऊन मला भेटा.