वही कोणापुढे उघडायची

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जालन्याच्या तीन भावांच्या रोलिंग मिलमध्ये तुझ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेमो झाला, धाकट्यांच्या मुलाला सगळं पसंत पडलं, चहापाणी झालं, आणि तेव्हापासून चार महिने एकच उत्तर, 'घरात बोलून सांगतो'. किंमत उतरवू का, असं तू विचारतोस. उतरवू नकोस. घोडं किमतीवर अडलेलं नाही.

२८ वर्षं मी मराठवाड्यात हेच काम केलं. वाळूजचे जॉबवर्कवाले, लातूरच्या डाळ मिली, जालन्याचं स्टील आणि बियाणं, वसमतचे हळदीचे व्यापारी. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. घरच्या धंद्यात सॉफ्टवेअर बसवायचं म्हणजे त्या घरची वही सगळ्यांपुढे उघडायची. आजवर ती एका कपाटात होती आणि किल्ली थोरल्यांच्या बंडीच्या खिशात. कोणाची उचल किती, कोणाच्या साडूकडची उधारी तीन वर्षं का पडून आहे, कोणत्या गिऱ्हाइकाला दोन रुपये कमी का लावले, हे थोरल्यांना माहीत होतं आणि मुनीमजींना. उद्या ते घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर येणार. 'घरात बोलून सांगतो' म्हणणाऱ्याच्या मनात ही धास्ती असते, आणि ती अगदी खरी असते.

मला हे फार उशिरा कळलं, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. लातूरची एक डाळ मिल होती. पुण्याहून शिकून आलेल्या मुलाने डेमो खरा वाटावा म्हणून वर्षभराचा टॅलीचा डेटा मला देऊन ठेवला होता. पेढीवर थोरले, मधले, धाकटे, दोन पुतणे आणि मुनीमजी बसलेले. मी उत्साहाच्या भरात भागीदारांच्या खात्यांचा रिपोर्ट उघडला. भिंतीवर मोठ्या अक्षरांत दिसलं, मधल्यांची उचल थोरल्यांच्या दुपटीहून जास्त. मुलीच्या आजारपणासाठी ते पैसे थोरल्यांनीच काढायला लावले होते आणि पोरांच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी खोलीत कोणी काही बोललं नाही. मधल्यांनी चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि उठून बाहेर गेले. थोरल्यांनी मला हात जोडले. "साहेब, बस आता," एवढंच म्हणाले.

दोन वर्षांनी ते भाऊ वेगळे झाले. माझ्या रिपोर्टमुळेच झाले असं मी म्हणत नाही, पण तो चष्मा अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

तेव्हापासून डेमोला मी खरेदी-विक्री आणि साठ्यापलीकडचा खरा आकडा कधीच घेतला नाही. नफा, उचल, पगार, नात्यातली येणी-देणी यांना हात लावायचा नाही. आणि पहिली भेट थोरल्यांची एकट्याची घ्यायची. त्यांना विचारायचं, "आप्पा, घरात कोणाला काय दिसलेलं चालेल?" ते सांगतील ते एका कागदावर लिहून त्यांच्यापुढे वाचून दाखव. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाला किती अधिकार द्यायचे याची सोय असतेच. आपण ती शेवटी, घाईघाईत, मुलाला विचारून भरतो. ती सगळ्यात आधी भरायची आणि थोरल्यांच्या शब्दावर भरायची. त्यांना संध्याकाळी छापील कागद लागत असेल तर तोही दे: रोकड, बँक, येणं, देणं, साठा, एका पानावर, मराठीत, ठळक अक्षरांत. पाडव्याला ते लाल वहीच पुजणार असतील तर पुजू देत. तिच्याशी आपलं काही वैर नाही.

आता मुनीमजी. तुझ्या पत्रात त्यांचा उल्लेखसुद्धा नाही, याचं मला वाईट वाटलं. ज्या माणसाने ३० वर्षं त्या घराचा हिशेब सांभाळला त्याला तू डेमोच्या वेळी मागच्या खुर्चीवर बसवलं असणार. त्यांच्याजवळ दोन दिवस बस. काट्यावर ट्रक लागला की काय होतं ते बघ. लातूरला मी एका मुनीमजींची काटापावती उलटी करून पाहिली होती. मागे पेन्सिलने बारीक अक्षरांत ओलावा, बारदानाची घट, आणि एका कोपऱ्यात छोटी फुली. फुली म्हणजे काय विचारलं, तर "हा माल पुन्हा चाळायचा." सगळा धंदा त्या फुलीत होता आणि आमच्या स्क्रीनवर तिला जागाच नव्हती. तुरीच्या १०० किलोत साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते, बाकी चुणी आणि टरफल, आणि तेही पशुखाद्याला विकलं जातं. मालकाला प्रत्येक लॉटचा उतारा, म्हणजे किती मालातून किती डाळ निघाली ते, हवं असतं. त्यात १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील पॅकिंगला ५ टक्के जीएसटी आणि ३० किलोच्या कट्ट्याला नाही. म्हणजे डाळ तीच, बिलं दोन तऱ्हेची. तुझ्या जालन्याच्या मिलमध्येही असंच काही असणार: भंगारापासून बिलेट म्हणजे पोलादाची लांब लगड, बिलेटपासून सळई, वितळताना होणारी घट, भट्टीतल्या प्रत्येक वितळणीचा हीट नंबर. ते तुला कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही.

मुनीमजींना वाटतं, हे आलं की आपण गेलो. मालकांच्या तोंडून त्यांच्यासमोर वदवून घे की सुरुवातीच्या बाक्या तेच भरणार. कोणती उधारी जिवंत आहे आणि कोणती मेलेली, हे त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

कायद्याची भीती दाखवून विकू नकोस. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर बिल नोंदवणं, आली. ती त्यांच्या सीएने केव्हाच लावून दिलेली असते. बदललेल्या नोंदींचा माग ठेवण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे, पण तो कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना. भावाभावांची भागीदारी असेल किंवा एचयूएफ म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर तो लागू नाही. आधी विचार, मग बोल. एकदा खोटं भय घातलंस आणि सीएने ते खोडून काढलं, की त्या गल्लीत तुला कोणी उभं करणार नाही.

आणि धाकट्या पिढीतला कोणी बाजूला घेऊन 'दुसरी फाईल ठेवता येईल का', म्हणजे कर चुकवायला वेगळा हिशेब, असं विचारेल. नाही म्हण, तिथल्या तिथे. ऑर्डर गेली तर जाऊ दे.

सुरुवात कधी करायची तेही त्यांच्या हंगामावर ठरव. हिशेबवाल्यांना १ एप्रिल सोयीचा वाटतो, पण त्यासाठी माणसं शिकवायची म्हटली तर जानेवारी ते मार्च हातात येतात, आणि डाळ मिलमध्ये तेव्हा तुरीची आवक जोरात असते. जेवायला फुरसत नसलेल्या माणसाला तू काय शिकवणार? स्टीलला असा हंगाम नाही, त्यामुळे तुला मोकळीक आहे. तरी एक महिना जुनं आणि नवं दोन्ही सोबत चालव आणि गोडाऊनमधला माल स्वतः उभं राहून मोजून घे.

गुरुवारी तू जालन्याला जाणार म्हणतोस. लॅपटॉप गाडीतच राहू दे. सकाळी पहिला ट्रक लागायच्या आत काट्यावर पोहोच आणि दुपारपर्यंत मुनीमजींच्या शेजारी बस. मग थोरल्यांकडे पाच मिनिटं माग, एकट्यांकडे. ते काय म्हणाले ते मला त्याच रात्री फोन करून सांग. उशीर झाला तरी चालेल, मी जागा असतो.

तुझा,
काका