शिवाजी पार्कची पागडी आणि निवृत्तीची पुंजी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीचा फ्लॅट विकून आलेले ८० लाख आणि पीएफ-एफडीचे ६० लाख घालून शिवाजी पार्कजवळच्या जुन्या इमारतीत ४२० चौरस फुटांचं पागडीचं (म्हणजे एकरकमी पैसे देऊन मिळणाऱ्या भाडेहक्काचं) वन रूम किचन घ्यावं का? एजंट म्हणतो, दोन वर्षांत रिडेव्हलपमेंट आहे. निवृत्तीला चार वर्षं उरली आहेत.

माझं मत स्पष्ट आहे: सगळी पुंजी घालून घेऊ नका.

जागेची ओढ मी समजू शकतो. १८९६च्या प्लेगनंतर शहरसुधारणेसाठी नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली. १९२५ला मैदान खुलं झालं आणि १९२७ला माहीम पार्कचं शिवाजी पार्क झालं. भोवताली कमी उंचीच्या, गोलाकार बाल्कन्यांच्या इमारती, मधे जवळपास २८ एकर मोकळी जागा. असा पत्ता पुन्हा घडत नाही, म्हणून भाव टिकतो. पण तो भाव मालकीच्या घराचा. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांनी डागडुजीतून अंग काढलं आणि पागडी रुजली. १९९९च्या कायद्याने ती घेणं वैध ठरवलं, तरी तुमच्या हाती येते ती भाडेदारीच.

त्यामुळे गृहकर्ज जवळपास मिळत नाही, आणि उद्या विकायचं तर इमारतीच्या मालकाची संमती लागते. तो बहुधा किमतीचा तिसरा हिस्सा मागतो. १ कोटी ४० लाखांना विकलंत तरी हातात साधारण ९३ लाख. हा हिशेब एजंट सांगत नाही.

रिडेव्हलपमेंटचं म्हणाल, तर रहिवाशांची संमतीपत्रं ही नुसती सुरुवात असते. म्हाडाची एनओसी (ना-हरकत), पालिकेची आयओडी (आराखड्याची सशर्त मंजुरी) आणि सीसी (बांधकाम सुरू करण्याचा परवाना) हातात आल्याशिवाय ‘दोन वर्षं’ हा आकडा धरू नका. इमारत पाडल्यावर बिल्डर अडकला की तो पर्यायी घरासाठी देत असलेलं भाडं बंद होतं. महिना ५० हजार धरले तरी तीन वर्षांचे १८ लाख तुमच्या खिशातून जातील, तेही पेन्शनवर.

तरीही घ्यायचंच असेल तर भाडेपावती बघा. ती विक्रेत्याच्या मयत वडिलांच्या नावावर असेल, तर सगळ्या वारसांची सही हवी. खोली नंतर घातलेल्या भिंतीने वेगळी केलेली नाही ना, हेही तपासा: १३ जून १९९६ नंतर निर्माण झालेली भाडेदारी पुनर्विकासात धरली जात नाही. मालकाच्या टायटलचा (मालकी हक्काचा) ३० वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींची तपासणी, वकिलाकडून काढून घ्या आणि मालक, विक्रेता, तुम्ही असा त्रिपक्षीय करार नोंदवा.

मला पटणारा मार्ग वेगळा आहे. ७ टक्क्यांनी १ कोटी ४० लाखांवर करापूर्वी महिना ८१ हजारांच्या आसपास व्याज येतं. तेवढ्यात तिथेच भाड्याने राहता येतं आणि मुद्दल शाबूत राहते. भाडं दरवर्षी वाढेल, म्हणून थोडी रक्कम इक्विटी फंडात ठेवावी लागेल. नोकरी आहे तोवर वर्षभर राहून बघा. टोकन (इसारा) मात्र भाडेपावतीची प्रत हातात पडेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.